शनिवारी मिळेल

आईचं दुकान नाही, पाटीही नाही.
खोरोगच्या खालच्या अंगाला, पंज नदीच्या वळणावर
आमच्या स्वयंपाकघरात एक टेबल आहे,
एका बाजूला पिठाचा डबा,
दुसऱ्या बाजूला लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू.
मधली हद्द आई रोज सकाळी पुसून नीट करते
आणि संध्याकाळपर्यंत ती पिठाकडे सरकते.

हिवाळ्यात वीज रात्री दोनला येते, चारला जाते.
म्हणून झाळायची सळई ती चुलीत तापवते,
तांब्याची, टोकाला ठोकून चपटी केलेली.
शाळेच्या प्रयोगशाळेतली तीस वर्षं संपली
तेव्हा पेन्शनच्या आधी हातात आली ती हीच.
राळ चुरचुरते, धूर डोळ्यांत जातो,
कथलाचा थेंब जरा थरथरतो, पळू बघतो,
मग शहाण्यासारखा जागेवर राहतो.
"बसला," आई म्हणते.
कामाच्या वेळी तिचं बोलणं तेवढंच.

दावलतमोकाकूंचा टीव्ही गेला त्याला सात वर्षं झाली,
पण त्याचा स्पीकर आमच्या रेडिओत खाकरतो,
त्याची तार शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात बल्ब पेटवते,
आणि त्याच्या खोक्यात मांजर व्यायली.
नेकरूझ मॉस्कोहून फोन करतो, चेहऱ्यावर आडवी भेग,
"आई, नवीन काही पाठवू का?"
"तूच ये," ती म्हणते, "आणि तो फोन आण. काच बघते."

पलीकडे अफगाणिस्तान.
नदी एवढीशी, की तिकडचं गाढव ओरडलं
तर इकडचं उत्तर देतं.
बोली तीच, मीठ घातलेला दुधाचा चहा तोच,
घड्याळ तेवढं अर्धा तास मागं.
पुलापाशी शनिवारी बाजार भरायचा.
तिथे खुशनझर नावाचा माणूस आला होता,
टोपीत गुंडाळून सौरदिवा घेऊन.
टोपी दिव्याला, डोकं उन्हाला.
बॅटरी फुगलेली, एक तार उंदरानं खाल्लेली,
पुढची काच नाहीच.
आईनं उलटासुलटा करून पाहिला, कानाशी नेऊन हलवला,
म्हणाली, "शनिवारी मिळेल."

जुन्या लॅपटॉपच्या पोटातली एक कांडी निघाली, अजून जिवंत.
काचेच्या जागी शांपूच्या बाटलीचा हिरवा तुकडा
मीच कापून दिला, वाकडा.
गुरुवारी दिवा लागला.
शुक्रवारी कळलं, बाजार बंद.
कशामुळे, ते तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं.

त्यानंतरचे शनिवार मी चाळीसपर्यंत मोजले.
आई दिवसा दिवा उन्हात ठेवते,
दुसऱ्याची गाय चरायला न्यावी तसा, फिरवून फिरवून.
अंधार पडला की खिडकीत, तोंड नदीकडे.
वाकड्या तुकड्यातून उजेड पडतो
कच्च्या जर्दाळूच्या रंगाचा.
असा दिवा दोन्ही काठांवर दुसरा नाही.

एकदा चौकीवरचा पोरगा आला,
फैझुल्लो, कुलोबकडचा, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही.
"कुणाला खुणा करता?"
"गिऱ्हाइकाला."
"काय सांगता?"
"काम झालंय म्हणून."
त्यानं वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
चहा प्यायला, रोटी खाल्ली, दारात घुटमळला,
मग खिशातून इअरफोनचा गुंता काढला:
"डाव्या कानात काहीच येत नाही, खाला."
आईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पुढचं मला पाठच होतं.

तो इअरफोन घेऊन गेला त्याला महिना झाला.
खिडकीबद्दल परत कुणी विचारायला आलं नाही.
पलीकडे काळा डोंगर, मधूनच चुलीचा ठिपका,
आमच्या दिव्याला ओ दिल्यासारखं काही नाही.
मी म्हणते, आई, तो विसरला असेल,
गेला असेल कुठे, नवीन घेतला असेल.
ती पडदा थोडा आणखी बाजूला करते.
"त्यांचं घड्याळ मागं आहे ना," म्हणते,
"थांब जरा."